खुनाला ना हरकत

बिबवेवाडीतील ‘शांतिकुंज’ सहकारी गृहरचना संस्थेच्या अध्यक्षांचा खून झाला आणि त्याबद्दल त्यांनी स्वतः तीव्र नाराजी व्यक्त केली. खून पाण्याच्या टाकीत झाला होता आणि त्यासाठी व्यवस्थापक समितीची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती.

खुनाची जबाबदारी मेहजबीन तांबोळी यांच्यावर येत होती. त्या एका बँकेत नोकरी करत, अ विंगमध्ये भाड्याने राहत आणि उरलेल्या वेळात रहस्यकादंबऱ्या लिहीत. नव्या कादंबरीचे पहिले प्रकरण एका मासिकात छापून आले होते. त्यात एका सोसायटीचे अध्यक्ष टाकीत तरंगताना सापडले होते.

संस्थेत मेहजबीनना मोठा वाचकवर्ग होता. त्यांनी भेट दिलेली प्रत क्लबहाउसच्या कपाटात येई आणि तिन्ही विंगांत फिरे. विकत कोणी घेत नसे, कारण लेखिका आपल्याच बिल्डिंगमध्ये असताना पुस्तक विकत घेणे म्हणजे तिला परके मानल्यासारखे झाले असते. वाचण्याची पद्धतही ठरलेली होती. आधी शेवटचे पान उघडायचे, खुनी कोण ते पाहायचे आणि मग निर्धास्तपणे सुरुवातीकडे वळायचे. “उगाच धक्का कशाला?” असे अ विंगमध्येच राहणारे अध्यक्ष श्यामसुंदरराव केंजळे म्हणत. बऱ्याच जणांना खुनी कळल्यावर सुरुवातीची गरजच उरत नसे. तरी पुस्तक आवडल्याचे ते लिफ्टमध्ये आवर्जून सांगत.

श्यामसुंदररावांनी मेहजबीनना ऑफिसात बोलावून घेतले.

“मॅडम, दारासमोर चपला दिसल्या की फोटो काढून ग्रुपवर टाकणारा अध्यक्ष. हा कोण?”

“काल्पनिक पात्र आहे, केंजळेसाहेब.”

“काल्पनिक माणूस भर मे महिन्यात मफलर बांधतो?”

“पुण्यात पुष्कळ लोक बांधतात.”

“मेल्याचं मला काही नाही,” मफलर सारखा करत श्यामसुंदरराव म्हणाले. “पण दुसऱ्याच पानावर? अध्यक्ष आहे मी. निम्म्या पुस्तकापर्यंत तरी जगवायचं. आणि अंगात नुसता बनियन! चांगला झब्बा घालून बुडालो असतो तर तुमचं काय बिघडत होतं?” मग ते म्हणाले, “बरं, तुमचा भाडेकरार संपत आलाय ना? नव्या कराराला सोसायटीची ना हरकत लागते. सहज आठवलं म्हणून सांगितलं.”

मेहजबीन जिना चढून घरी आल्या. मुलगी फरहत दहावीत होती आणि तिची शाळा पलीकडच्याच चौकात होती. हे घर मिळण्यापूर्वी त्यांनी पुष्कळ घरे पाहिली होती. घर आवडे, भाडे ठरे आणि पूर्ण नाव सांगितले की ते घर नेमके कालच दुसऱ्या कोणाला तरी दिलेले असे. ती वणवण त्यांना पुन्हा नको होती. पुस्तकासाठी त्यांनी बनियन काढला, झब्बा चढवला आणि अध्यक्षांना आणखी काही पाने आयुष्य दिले.

ही बातमी फुटली आणि सचिव शर्मिला गोगटे यांनी ब विंगच्या वतीने निषेध नोंदवला. “अ विंगला प्रेत आणि आम्ही काय नुसता मेंटेनन्स भरायचा?” मग विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. टँकरच्या प्रश्नावर कधी कोरम भरला नव्हता, पण या सभेला खुर्च्या कमी पडल्या.

प्रत्येक विंगला एक प्रेत असे तत्त्वतः ठरले. क विंग नाल्याकडच्या बाजूला असल्याने तिला फक्त विषप्रयोग मिळाला. गुप्तहेर होण्यास बरेच सभासद इच्छुक निघाले, तेव्हा ते पद फिरते ठेवून पहिली संधी शर्मिलाताईंना देण्यात आली. मग मेहजबीननी विचारले, “आणि खुनी?”

पुढच्या वर्षी खजिनदार कोण होणार असे विचारल्यावर पसरते तशी शांतता पसरली.

“आपल्या सोसायटीत तसे लोकच नाहीत,” शर्मिलाताई म्हणाल्या.

“मग खून झाला कसा?”

“ते तुम्ही बघायचं. लेखिका तुम्ही आहात.”

ज्याला मताचा अधिकार नाही अशाच व्यक्तीने खून करावा, अशी सूचना मागून आली. सगळ्यांच्या नजरा क्षणभर भाडेकरू मेहजबीनवर स्थिरावल्या आणि सभ्यपणे खाली गेल्या. एवढ्यात वॉचमन धोंडिबा चहाचा ट्रे घेऊन आत आला. ठराव एकमताने मंजूर झाला. चहाही बरा होता.

“अहो, पण वॉचमनवर वाचकाला पहिल्या पानापासूनच संशय येतो,” मेहजबीन कळवळून म्हणाल्या. “त्यात रहस्य काय राहिलं?”

“तेच तर म्हणतोय!” श्यामसुंदरराव म्हणाले. “ज्याचा संशय येतो तोच निघाला की किती बरं वाटतं माणसाला! आणि ना हरकतीवर सही करायलाही बरं वाटेल.”

मेहजबीनना शरम वाटली. गेटपाशी जाऊन त्यांनी धोंडिबाला सगळे सांगितले. तो लोणी काळभोरकडचा. त्याने शांतपणे तंबाखू मळली.

“घाला की माझ्यावर, मॅडम. सायकल गेली तवा मीच, लिफ्ट बंद पडली तवाबी मीच. पुस्तकात निदान पुरावा तरी लागतो.” मग टाकीकडे हनुवटी करत तो म्हणाला, “पाणी कमी येतंय, त्यालाबी मीच. पहाटं मफलर बांधून वाल कोण फिरवतंय, ते मला कुणी इचारलंच न्हाई.”

मेहजबीन धावतच वर गेल्या. कादंबरी सुटली होती.

त्यांनी उपान्त्य प्रकरणात सगळे उलगडले. अध्यक्षांचा खून झालेलाच नव्हता. सगळ्यांचे पाणी आपल्या विंगकडे वळवायला ते पहाटे टाकीवर चढले, वाल फिरवताना पाय घसरला आणि बुडाले. बाकीची प्रेते त्यानंतर अध्यक्षपदासाठी झालेल्या निवडणुकीत पडली होती. शेवटचे पान तेवढे त्यांनी समितीच्या मनासारखे लिहिले. त्यात पोलीस वॉचमनला गाडीत घालतात आणि सोसायटी बाल्कनीतून ते पाहते. माणूस निर्दोष आहे हे आधीची पाने वाचणाऱ्यालाच कळणार होते. आपले वाचक मेहजबीन पुरते ओळखून होत्या आणि या युक्तीवर त्या मनापासून खूश होत्या.

पुस्तक आले. समितीने शेवटचे पान वाचून त्याच दिवशी ना हरकत दिली. शर्मिलाताईंनी पेढे वाटले. करार झाला आणि फरहतची शाळा वाचली.

पण श्यामसुंदररावांचा धायरीचा भाचा जरा विक्षिप्त होता. त्याने पुस्तक विकत घेतले आणि पहिल्या पानापासून वाचले. त्याने मामांना अभिनंदनाचा फोन केला आणि वालबद्दलही विचारले. त्या संध्याकाळी श्यामसुंदरराव क्लबहाउसमधून बाहेर पडताना मेहजबीनना दिसले. मफलरखाली काहीतरी चौकोनी होते. दुसऱ्या दिवशी सोसायटीची प्रत कपाटात नव्हती.

तातडीची सभा झाली.

“कपाटाची किल्ली गेटवर असते,” श्यामसुंदरराव गंभीरपणे म्हणाले. “आणि गेटवर कोण असतं?”

धोंडिबाला शिट्टी आणि काठी जमा करायला सांगण्यात आले. मेहजबीनना राहवले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घर शोधावे लागेल हे माहीत असूनही त्या उठल्या. स्वतःची प्रत त्यांनी शर्मिलाताईंच्या हातात दिली.

“मोठ्याने वाचा. वाल कोण फिरवतं आणि पुस्तक कोणाला नकोय, सगळं कळेल.”

शर्मिलाताईंनी चष्मा लावला, सवयीने शेवटचे पान उघडले आणि खणखणीत आवाजात वाचले, “पोलिसांनी वॉचमनला गाडीत घातलं.” त्यांनी पुस्तक उंच धरून सभेला दाखवले. “हे बघा, छापील आहे!”

“अहो, त्याच्या आधीचं वाचा!”

“शेवट कळल्यावर आधीचं कशाला?” श्यामसुंदररावांनी विचारले. सभेला ते पटले.

धोंडिबाने शिट्टी टेबलावर ठेवली. जाताना तो मेहजबीनपाशी थांबला. “पुस्तकात पुरावा लागतो म्हणलं व्हतं मी. तोबी तुमीच दिला, मॅडम.”

जे वाचक सवयीने थेट या परिच्छेदावर आले असतील, त्यांच्या सोयीसाठी सांगतो की पुस्तक वॉचमनने चोरले. वरचे वाचण्याची आवश्यकता नाही. तुम्हाला संशय होताच.