निमकरांचा मोकळा प्रोसेसर

इचलकरंजीत माझे वडील दुसऱ्याचे माग चालवायचे आणि आई त्यांच्यासाठी कांड्या भरायची. आईचा हात मंदावला की माग उभा. माग बिघडला की कांड्यांचा ढीग. काहीही झालं तरी मालकाची बोलणी खायची ती आम्हीच. त्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे एकाने मरमर मरायचं आणि दुसऱ्याने बसून राहायचं, हे मला बघवत नाही. आणि सिडनीत, कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या ऑफिसात, नशिबी आले ते निमकर.

निमकर मूळचे पुण्याचे, आता केलीव्हिलचे. कोणाकडेही जेवायला गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि विचारतात, “कोण कोणासाठी खोळंबलंय?” आमच्या पेंडल हिलच्या वास्तुशांतीला तिघी पुऱ्या लाटत होत्या, तळायला माझा नवरा एकटा. निमकरांनी तिघींची लाटणी काढून घेतली आणि सगळ्यांना कढईभोवती उभं केलं. “आता बघा फ्लो!” त्या दिवशी पाहुण्यांनी वरणभात खाल्ला.

हीच अक्कल ऑफिसात. आमचा गेम साधा आहे: डोंगर, मेंढ्यांचा मोठा कळप, आणि दोघांनी मिळून तो हाकायचा. प्रोसेसर ठरवतो मेंढी कुठे जाणार, ग्राफिक्स कार्ड ती रंगवतं. निमकरांनी ठरवायचं कामही ग्राफिक्स कार्डावरच लादलं. प्रोसेसर दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा लोळत पडलेला! ज्या मशीनचं ग्राफिक्स कार्ड साधं, तिथे मेंढ्या उडी मारताना हवेतच अडकायच्या.

“अहो निमकर, सोमवारी पब्लिशरची माणसं साध्याच लॅपटॉपवर बघणार आहेत. गेम अडखळला तर ते घेणार नाहीत, आणि स्टुडिओ बंद. थोडं काम प्रोसेसरला द्या की!”

“प्रोसेसर मोकळा पाहिजे म्हणजे पाहिजे.”

“कशाला? झोपायला?”

“तुला इंजिनाचं मन कळत नाही, वैशाली.”

मन! आमचा बॉस “नो वरीज, मेट” म्हणत कॉफी आणायला पळाला.

शेवटी शनिवारी मीच मेंढ्यांचं सगळं ठरवणं प्रोसेसरवर हलवलं, नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, चाचणीला खेळणाऱ्या सगळ्यांना पाठवून दिला, आणि दुपारी निमकरांच्या घरी जाऊन थडकले. म्हटलं, चूक तोंडावरच दाखवावी.

ते गेमच खेळत होते. स्पीकरमधून एका मुलीचा आवाज येत होता, तुटका. “बाबा, आय फे... युनि...”

“काय म्हणालीस? सई?” निमकर आवाज वाढवत होते. वाढत होती ती खरखर.

सई त्यांची मुलगी. घटस्फोटानंतर तिकडे लांब मेलबर्नजवळ, वेरिबीला आईकडे राहते, हे ऐकून होते.

“तिचा लॅपटॉप मीच दिलेला, खूप पूर्वी,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “ग्राफिक्स कार्ड दांडगं, प्रोसेसर म्हातारा. त्याच्यावर काम वाढलं की आवाज तुटतो.”

“मग नवा घेऊन द्या.”

“दिला. तिने खोकंसुद्धा उघडलं नाही. फोन उचलत नाही माझा. मेंढ्या हाकताना तेवढी बोलते.”

“आणि हे ऑफिसात सांगायला तोंड नव्हतं? अख्खा स्टुडिओ बुडवायला निघालात!”

निमकर हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसले.

मी खुर्ची ओढून माझा लॅपटॉप उघडला. मूर्खपणा तो मूर्खपणाच, तो मी तसा ठेवणार नव्हते. जवळच्या मोजक्या मेंढ्या प्रोसेसरकडे दिल्या. लांबच्या ग्राफिक्स कार्डाकडे ठेवल्या, पण सावकाश. डोंगरापलीकडची मेंढी घाईने ठरवून जाणार कुठे? बिल्ड पुन्हा पाठवला, गेम नव्याने सुरू झाला.

“बाबा? यू देअर?”

“आहे गं.”

“आय फेल्ड द युनिट.”

युनिट म्हणजे तिचा युनिव्हर्सिटीतला विषय. निमकर स्क्रीनकडे वाकले. “बरं. ती डावीकडची मेंढी अडव, मग सगळं सांग.”

माझी मीच दार लावून बाहेर पडले.

सोमवारी साध्या लॅपटॉपवर गेम एकदाही अडखळला नाही. पब्लिशरने तो घेतला, स्टुडिओ राहिला, आणि वेरिबीहून येणारा आवाज तुटायचा थांबला.