गुडघेदुखीवरच्या झुडपाची निःपक्षपाती चाचणी

विज्ञानाला नातेवाईक नसतात, शास्त्रज्ञाला असतात. एवढी उणीव सोडली, तर औषधी झुडपाच्या काढ्याची गुडघेदुखीवरची चाचणी संपूर्ण निर्दोष होती, असं चाचणीचे प्रमुख, म्हणजे सर, स्वतःच सांगत. (त्यांच्याहून निःपक्षपाती माणूस त्यांना भेटलेला नव्हता.)

नियम कडक होता. निम्म्या रुग्णांना खरा काढा. उरलेल्यांना तसाच दिसणारा, तितकाच कडू, पण झुडपाचा वाराही न लागलेला. कुणाच्या बाटलीत काय, हे रुग्णाला कळणार नाही आणि सरांनाही. माणसं कमी पडली, म्हणून सरांनी थोरल्या बहिणीला, आक्काला, गळ घातली. आक्काच्या गुडघ्यांनी जिन्याशी केव्हाच अबोला धरला होता.

महिन्याभरात आक्का जिना चढून थेट प्रयोगशाळेत हजर.

"बघ रे, कठड्याला हातसुद्धा लावला नाही!"

सरांचे डोळे भरून आले. (भावाचे. शास्त्रज्ञाने फक्त नोंद घेतली.) झुडूप गुणकारी असल्याचा समारोप त्यांनी त्याच संध्याकाळी लिहून टाकला. आकडे तेवढे यायचे होते.

आकडे आले. दोन्ही गटांना आराम अगदी सारखा. आणि आक्का बिनझुडपाच्या गटात.

सरांना घास गोड लागेना. सांगावं तर आक्काचे गुडघे पुन्हा रुसणार, न सांगावं तर विज्ञान रुसणार. शेवटी त्यांनी समारोप फाडला आणि बहिणीचं घर गाठलं.

"आक्का, तुझ्या बाटलीत झुडूप नव्हतंच गं. नुसतं रंगवलेलं कडू पाणी."

सर तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे झुडपाशिवाय एवढा गुण आला?" ती म्हणाली. "मग तेच देत जा. उगाच झुडपाची भेसळ कशाला?"

सरांनी तिला तेच पाणी पोहोचवलं. एक बाटली स्वतःसाठीही ठेवली, कारण त्यांचाही डावा गुडघा हल्ली कुरकुरत होता. आता उतार आहे. (हा पुरावा नव्हे, असं ते प्रत्येक घोटाआधी स्वतःला बजावतात.)

यथावकाश अहवाल छापून आला: झुडपाचा वेगळा असा काहीही उपयोग आढळला नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा फोन खाली ठेवायला उसंत मिळेना. निष्कर्ष कुणीच विचारला नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, काढा जेवणाआधी घ्यायचा की नंतर?

आपण अर्थातच त्या लोकांपैकी नाही. तरीही, निव्वळ कुतूहल म्हणून हवं असेल तर सांगून ठेवतो: जेवणानंतर, दोन चमचे.