ऐकोबास हलविण्याबाबत

शेंदराचा एक लेप साधारण केसाएवढा जाड असतो. निंबटेकच्या ऐकोबावर दर अमावास्येला असा एक लेप चढतो. खरवडून पाहिलं (कोणी पाहत नाही), तर आत दगड मुठीएवढा आणि बाहेर शेंदूर रांजणाएवढा निघेल. तेव्हा देव अतिप्राचीन आहे, याबद्दल शास्त्रीयदृष्ट्या वाद उरत नाही.

ऐकोबाचा नियम एकच. त्याला हलवा, असं जो मोठ्यानं म्हणेल त्याचं तोंड वाकडं होतं. प्रत्यक्ष हलवणाऱ्याला काही होत नाही. मनातल्या मनात म्हटलेलं त्याला ऐकू जात नाही. कोप आवाजावर आहे, बळावर नाही. इतका काटेकोर देव शेवगाव तालुक्यात दुसरा नसावा.

पिढ्यानपिढ्या त्याला हलवायचं कारणच पडलं नाही. बहात्तर साली पडलं. पाऊस नव्हता. दुष्काळी कामावर गावानं विहीर खोदली आणि ओल लागली ती नेमकी ऐकोबाच्या अंगाला. त्याच्या ओट्याखालचा खडक सुरुंगानं उडवला की पाणी, हे विहिरीत उतरलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. देव पलीकडच्या लिंबाखाली नेऊन ठेवायला दोन माणसं आणि एक विडी ओढण्याइतका वेळ पुरला असता. फक्त तसं कोणीतरी तोंडानं सांगायला हवं होतं; सांगितल्याशिवाय देवाला हात लावायची गावात रीत नव्हती.

तोवर पाणी दोन कोसांवरच्या झऱ्यावरून येई. साळूबाईचे गुडघे गेलेले, मुलगा खडी फोडायला. त्यामुळे तिच्या घरचा हंडा सून मुक्ता आणी. मुक्ताला आठवा महिना होता.

गाव उदासीन होतं असं कोणी म्हणू नये. सरपंच गहिनीनाथांनी तातडीनं सभा बोलावली आणि प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला, "ते जे आहे, ते तसं व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत." सगळे हात वर झाले. भगत सहादेवाचे तर दोन्ही. ठराव एकमतानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी मजुरांनी त्याची चोख अंमलबजावणी केली, म्हणजे ऐकोबावर नवे पत्रे घातले.

मग वर विचारलं. वरून उत्तर आलं की योग्य ती कार्यवाही योग्य त्या स्तरावर व्हावी. (साहेबांनाही तोंड होतं.)

शेवटी शाळेच्या शांतवन मास्तरांना गळ घातली. ते ख्रिस्ती, म्हणजे ऐकोबाच्या हद्दीबाहेरचे. मास्तर हसून म्हणाले, "आमच्या देवाची काही हरकत नाही, सरपंच. पण पाणी लागलं तर गावानं लावलं, अन् नाही लागलं तर मास्तरानं घालवलं. एवढं गणित मला येतं."

दरम्यान खबरदारी वाढत गेली. 'हलवणे' हे क्रियापदच गावानं टाकून दिलं. चुलीवरच्या पिठल्याकडे 'जरा लक्ष असू दे' म्हणत आणि पिठली करपत. रस्त्यात आडव्या लावलेल्या गाडीपुढे लोक नुसते खोकत उभे राहत. पाळण्यातली पोरं रडत, आणि आया एकमेकींकडे सूचक पाहत. एवढं सोसून तोंड मात्र एकाचंही वाकडं झालं नाही. नियम किती गुणकारी आहे, ते यावरून दिसतं.

मग एका सकाळी मुक्ता झऱ्याच्या उतारावर घसरली. पोटातलं सुखरूप होतं, हंडा चेपला. गाव विहिरीभोवती जमलं. सगळ्यांना वाईट वाटलं. सरपंचांनी सहादेवाकडे पाहिलं, सहादेवानं मास्तरांकडे, मास्तरांनी आभाळाकडे.

इथवर वाचणाऱ्यानंही तो शब्द मनात दहा वेळा म्हटला असेल, गावाच्या नावानं चरफडला असेल. पण ओठ उघडले नसतील. गावकऱ्यांचंही नेमकं तसंच चाललं होतं.

साळूबाई काठी टेकत पुढे आली. पत्र्याखाली वाकून तिनं ऐकोबाला नमस्कार केला, पदर सावरला आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हलवा रं ह्याला. तोंड माझं वाकडं हुईल, तुमच्या कुणाचं न्हाई. तसंबी या वयात त्येच्याकडं कोन बघतंय?"