लाल माती कुणाची?

शरयूने बादलीभर पांढरा राडा स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतला आणि तो तिथेच थांबला. हलेचना.

अमेरिकेत, पार्सिपनीत येऊन तिला वर्ष होत आलं होतं. व्हिसा असा की नोकरी करता येत नाही. नवरा सत्यजित ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत ती एकटी. म्हणून तिने इंटरनेटवर बघून कुणाचं तरी वापरलेलं कुंभारकामाचं चाक आणलं, बेडरूममध्ये शॉवरचा पडदा अंथरला आणि लायब्ररीतल्या डीव्हीडी लावून वाडगे करायला लागली. सगळे वाडगे वाकडे व्हायचे. का होतात, हे विचारायला आसपास कुणी नव्हतं. एका फोरमवर प्रश्न टाकला, तर ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंनी कळवलं, 'हात ओले ठेव.' हात ओलेच होते.

सिंकमध्ये तिने गरम पाणी ओतलं. मग व्हिनेगर आणि बेकिंग सोडा. फेस सुंदर आला, राडा जागेवरच. शेवटी रबरी पंप लावून तिने सगळा जोर काढला. खळ्ळकन आवाज झाला, सिंक रिकामं झालं, आणि खालच्या मजल्यावरून किंकाळी आली.

खाली प्रतिमाकाकू राहायच्या. बिल्डिंगचे सगळे नियम त्यांना पाठ होते. सिंकमध्ये ठेवलेलं साबुदाण्याचं पातेलं घेऊनच त्या वर आल्या.

"हे बघ! माझ्या साबुदाण्यात काय आलंय!"

शरयूने वाकून पाहिलं. साबुदाणा कुठला आणि माती कुठली, सांगणं कठीण होतं.

"पाइपचा प्रॉब्लेम असेल, काकू."

"पाइप आपणहून चिखल करत नाही. मॅनेजरला फोन केलाय. ज्याचं काम असेल त्याचं लीज कॅन्सल होणार!"

त्या गेल्यावर शरयूने घाबरून सत्यजितला फोन लावला.

"चाक क्लोजेटमध्ये टाक," तो कुजबुजला. तो मीटिंगमध्ये होता.

"क्लोजेटपेक्षा मोठं आहे ते."

"मग चादर टाक त्यावर, आणि वर टीव्ही ठेव. टेबल वाटेल यार."

टीव्ही चढवून ती धापा टाकत खाली गेली, तेव्हा प्लंबर काकूंच्या ओट्याखाली आडवा झाला होता. त्याने पाइपमधून एक मोठा गोळा ओढून काढला. अर्धा पांढरा, अर्धा विटेसारखा लाल.

शरयू लीज, मॅनेजर सगळं विसरली. तिने लाल भाग चिमटीत घेऊन चोळून पाहिला.

"किती मऊ आहे! पण ही माझी नाही."

"म्हणजे पांढरी तुझी?" काकूंनी विचारलं.

मॅनेजरने फोनवर दम दिला, पुन्हा असं झालं तर घर सोडावं लागेल. शरयूने तीनतीनदा सॉरी म्हटलं, पण डोक्यात एकच प्रश्न होता. लाल माती कुणाची? त्या पाइपवर चारच घरं होती. दुसऱ्या दिवशी माफी मागायच्या निमित्ताने ती बेसनाचे लाडू घेऊन निघाली आणि लाडू घेणाऱ्या प्रत्येकाची नखं बघू लागली. वरच्या मजल्यावर पीएचडी करणाऱ्या ऋषीची नखं कुरतडलेली निघाली. समोरच्या नर्सबाईंची गुलाबी. उरलं घर काकूंचं. दार त्यांच्या नवऱ्याने, अरुणकाकांनी उघडलं, लाडवाकडे हात केला, आणि शरयू बघतच राहिली.

"काका, तुमची नखं लाल..."

"कुंड्या! कुंड्यांची माती."

घरात एकही कुंडी नव्हती. काकांनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाथटबमध्ये बसून करतो. दार लावून. हिला वाटतं माझं पोट बिघडलंय. महिनाभर मऊ भात खातोय."

"तुमचे वाडगे वाकडे होतात?"

"सगळेच!" काका आनंदाने म्हणाले.

इतका आनंद शरयूला अमेरिकेत आल्यापासून झाला नव्हता. दर शनिवारी काका वॉकला म्हणून निघायचे आणि जिना चढून तिच्याकडे यायचे. गाळ आता बादलीतच बसवायचा, असं ठरलं. एका शनिवारी दोघं मातीत कोपरापर्यंत बुडालेले असताना सत्यजितने दार उघडलं. बाहेर प्रतिमाकाकू, हातात काकांचा विसरलेला मफलर. तो द्यायला निघाल्या, तर वरून काकांचंच हसणं ऐकू आलं होतं.

"काकू आल्यायत," सत्यजित उगाचच म्हणाला.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं.

"मला सांगितलं असतंत तर?"

"तू हसली असतीस," काका म्हणाले.

काकूंनी मफलर खुर्चीवर टाकला. "माती मळायची ही काय पद्धत झाली? सरका." आणि त्यांनी तळहाताने रेटून गोळा असा मळला की शरयू आणि काका हरखून बघू लागले.

"आता काय करायचं?"

"मधोमध दाबायचं," शरयू म्हणाली.

"हळू चालवायचं," काका म्हणाले.

काकू चाकावर बसल्या आणि त्यांनी पायाखालचं पेडल पूर्ण दाबलं. गोळा सुटला, काकांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर चपटा होऊन चिकटला.

काकूंनी शांतपणे बाह्या वर सारल्या.

"दुसरा द्या," त्या म्हणाल्या.