हौशीची गाठ आणि लाल फेटे

एका जंगलात एक उंदरीण राहायची. हौशी तिचं नाव. कोपऱ्यातल्यानं नाकातलं बोट काढावं, मग पुढं सांगते.

हौशीच्या कुशीत गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. एक दिवस बिळात शिरायला गेली आणि दारातच अडकली. आत चार पिलं चीं चीं करतायत, आणि आई बाहेर!

गेली करकोचा डॉक्टरकडं. फार शिकलेला हो. उंदीर खायचे सोडले होते त्यानं, निदान कामाच्या वेळेत तरी.

"घाबरू नका हौसाबाई. किरणांचा शेक देऊ."

रोज सकाळी शेक. मग शेपटीतून रक्ताचा एक थेंब. त्या थेंबात म्हणे शिपाई असतात, अन् लढायला उठलेला शिपाई लाल फेटा बांधतो. डॉक्टर भिंगातून फेटे मोजायचा आणि कागदावर लिहायचा.

पहिल्या आठवड्यात शिपाईच पळाले. डॉक्टर जेवला नाही. दुसऱ्या आठवड्यात जिकडंतिकडं फेटे! डॉक्टर एका पायावर नाचला. तसा उभाही तो एकाच पायावर असायचा म्हणा.

"पण डॉक्टर, मी अजून दारात अडकते."

"दाराचं काय घेऊन बसलात? फेटे बघा, फेटे!"

तिसऱ्या आठवड्यात हौशीनं कूस चाचपली. गाठ गायब!

डॉक्टरनं भिंग लावलं आणि पंखानं कपाळ बडवलं. "घात झाला! फेटे उतरले!"

"अहो, लढाई संपली. घरी बसून फेटा कोण बांधतं?"

"कागदावर फेटे चढतेच लागतात. हौसाबाई, एवढं कराच. गाठ परत आणा. बोराएवढी नको, वाटाण्याएवढी चालेल."

"आणते की," हौशी म्हणाली. "घरीच राहिलीय बघा."

आणि सुटली ती थेट बिळाकडं. सुळकन आत! चारी पिलं अंगावर पडली.

डॉक्टर मागनं धावत आला. बिळात चोच खुपसली. "हौसाबाई, निदान एक थेंब!"

चोच काही निघेना.

आतून हौशी म्हणाली, "काय डॉक्टर, दारात अडकलात? दाराचं काय घेऊन बसलात? फेटे बघा, फेटे!"

दुपारी कशीबशी चोच सुटली. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, 'हौशी उंदरीण. बरी झाल्यामुळं नापास.'

तात्पर्य: शहाण्या आजाऱ्यानं कागदावर बरं व्हावं, बाळांनो. अंगानं काय, उंदीरसुद्धा बरा होतो.