हैबतराव किल्लेदारांस आलेल्या वीजतोडीच्या संदेशाची बखर

श्री. गडदेवता समर्थ असे, आणि बुरुजापाशी मोबाइलला रेंज येते तीही तिच्याच कृपेने. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी घडले ते लिहितो.

एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. तेथे राजश्री हैबतराव किल्लेदार, तोफेस न भिणारे, परंतु सरकारी भाषेस फार भीत. गडाचे पाण्याचे टाके गळत होते, आणि त्याच्या डागडुजीस रयतेने दिलेली वर्गणी हैबतरावांच्या खाती होती. ऐशा समयी मोबाइलवर संदेश आला की, "गडाची वीज आज सांजेस तोडली जाईल, साहेबांस तात्काळ फोन करावा." हैबतरावांचे धाबे दणाणले. मग फोन केला, आणि पलीकडील साहेब बोलिले, "मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते सांगा." हा तर परवलीचा शब्द, दरवाजावर सख्ख्या मेहुण्यासही न सांगण्याचा, तो हैबतराव उभ्याने सांगू लागले, आणि चार आकडे सांगून चुकले.

इतक्यात त्यांचे कुटुंब सगुणाबाई आल्या. गडाची रीत ऐसी की, निरोप्या कोणीही असो, आधी गूळपाणी, मग गाव पुसणे, मग निरोप. धनी "जी साहेब, जी साहेब" म्हणतात त्याअर्थी कोणी थोर असेल, ऐसे जाणोन बाईंनी फोन हाती घेतला आणि पुसले, "कुठलं गाव तुमचं? वर येताय ना? गूळपाणी काढते."

"वेळ नाही बाई. उरलेले दोन आकडे सांगा लवकर."

बाईंनी फोन ठेविला. म्हणाल्या, "अहो, हा सरकारी माणूस नव्हे. आयतं मिळालेलं नको म्हणणारा सरकारी माणूस मी अजून पाहिला नाही."

मग पायथ्याच्या वीजकचेरीत स्वार धाडिला, आणि उत्तर आले की, बिल भरलेले आहे, संदेश आमचा नव्हे. वर्गणी वाचली. हैबतराव म्हणाले, "मी त्याची परीक्षाच पाहत होतो." बाईंनी त्यांच्यापुढे गूळपाणी ठेविले आणि गाव पुसले, हे त्यांस फार लागले.

पुढे टाके दुरुस्त जाहले, आणि खराच वायरमन मीटर पाहावयास आला. हैबतरावांनी दरवाजा लाविला, तोफ रोखिली, ओळखपत्र टोपलीतून वर ओढून घेतले आणि तरीही नकाराची मान हलविली. वायरमन उन्हात बसला आणि म्हणाला, "किल्लेदारसाहेब, मीटर राहू द्या. पण तुमच्याकडं गूळपाणी देतात म्हणे, तेवढं तरी द्या."

बाईंनी कचेरीत फोन लावून त्याचे नाव आधीच पडताळिले होते. त्यांनी दरवाजा उघडविला, आणि वायरमन त्याच टाक्याचे पाणी तीन तांबे प्याला.

सारांश, जो घाई करवितो आणि परवलीचा शब्द मागतो, त्याचा फोन ठेवून द्यावा आणि खरे-खोटे आपण होऊन कचेरीस पुसावे. हे लिहीत असता आम्हांस हत्ती बक्षीस लागल्याचा संदेश आला आहे. आधी गूळपाणी घेतो. मजकूर पुरा जाहला.