निळ्या जाकिटांतील चिठ्ठ्या

सुज्ञ वाचकहो, माणूस ओळखावा तर शिंप्याने! आमच्या वस्तीचे टेलर मास्तर हे वाक्य दिवसातून किमान चार वेळा उच्चारीत. "बेचाळीस छाती" म्हणजे बेकरीवाले, "चौतीस" म्हणजे ग्रंथपालबाई. नावाशी त्यांना कर्तव्य नव्हते.

वस्तीच्या मेळ्याचे मास्तर यंदा प्रथमच चिटणीस झाले होते. गतवर्षी एका माईकवर तिघे तुटून पडले होते आणि तक्रार कक्षात चिटपाखरूही नव्हते. तेव्हाच ठरले होते की, यंदा पुन्हा असा तमाशा झाल्यास मेळा कायमचा बंद!

मास्तरांनी सभेत छाती फुगवून योजना मांडली. "समितीतल्या आपणा पाचही जणांना मी एकसारखी निळी जाकिटे शिवून देतो. प्रत्येकाच्या आतल्या बाजूस त्याच्या कामाची चिठ्ठी टाचलेली असेल. मेळ्याच्या सकाळी उघडायची. निघेल ते काम करायचे. अदलाबदल नाही!"

सर्वांनी शपथ घेतली.

चिठ्ठ्यांवर मास्तरांनी फक्त कामे लिहिली. बुलंद आवाजाच्या बेकरीवाल्यांना निवेदन, सोशीक ग्रंथपालबाईंना तक्रार कक्ष, घरोघरचे पत्ते पाठ असलेल्या निवृत्त पोस्टमनकाकांना दुकानांची मांडणी. दाताच्या डॉक्टरांना स्वच्छतेचे भारी वेड, म्हणून त्यांना झाडलोट. आणि स्वतःला अर्थातच देखरेख! ती चिठ्ठी तर उघडून पाहण्याचीही गरज नव्हती.

मेळ्याच्या सकाळी मास्तर मैदानाच्या फाटकाशी पोहोचले, तो कर्ण्यातून कुजबुज ऐकू आली. "कृपया... शांतता राखा..."

मास्तरांच्या पायांखालची जमीन सरकली. ग्रंथपालबाई माईकवर! ते धावत घरी पत्नीकडे आले.

"अगं, जाकिटांतल्या चिठ्ठ्यांना हात लावलास का?"

"लावला की! इस्त्रीखाली जळाल्या असत्या. काढल्या, इस्त्री केली, परत टाचल्या."

"कोणाची कोणाला?"

"ते मला काय ठाऊक! नाव का नाही लिहिलंत?"

"जाकिटाच्या मापावरून माणूस कळतो, अगं!"

"मला मापावरून माणूस कळत असता, तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?"

मास्तर मैदानाकडे परतले. बदल करावा, तर शपथ त्यांचीच! वाटेत त्यांच्या छातीत बारीक कळ आली. 'काळजीने हृदय पोखरले,' असे मनाशी म्हणून ते चालत राहिले.

परंतु मैदानावर विपरीतच घडत होते. बाईंची कुजबुज ऐकू यावी म्हणून हजारभर माणसे श्वास रोखून उभी होती! बेकरीवाल्यांनी भट्टीत पाव रचावेत तशी दुकाने खेटून रचली होती. एकदा आत शिरलेला माणूस प्रत्येक दुकानासमोरून गेल्यावाचून बाहेर पडूच शकत नव्हता. दुकानदार खूश!

आणि तक्रार कक्षात पोस्टमनकाका. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येई.

"काका, माझा फुगा फुटला!" एक धिप्पाड गृहस्थ ओरडले.

"काय फुटलं?"

"फुगा!"

"कोण फुगलं?"

तिसऱ्यांदा ओरडताना गृहस्थांना स्वतःचीच लाज वाटली. काकांनी कोऱ्या कागदावर धाडकन शिक्का मारला आणि म्हणाले, "पोहोचवतो हं!" गृहस्थ हसत निघून गेले.

डॉक्टर मात्र हात पाठीशी बांधून दिवसभर हिंडत होते. "मास्तर, ती दोरी ताणा! मास्तर, खुर्च्या हलवा!" मास्तर घाम पुसत ताणत होते, हलवत होते. छातीतली कळ वाढतच होती.

सायंकाळी सर्व मंडळी मंचावर जमली. मेळा दरवर्षी भरवायचाच, असे एकमताने ठरले. बेकरीवाले गरजले, "मास्तर, कामं वाटावीत तर तुम्ही! एवढी पारख आणलीत कुठून?"

मास्तरांनी विनयाने मान झुकवली. "अहो, मापावरून..."

"इस्त्रीवरून!" गर्दीतून पत्नीचा आवाज आला, आणि तिने सारी हकीकत सांगून टाकली. हशा पिकला. पुढील वर्षीच्या चिटणीस म्हणून वहिनींची निवड टाळ्यांच्या कडकडाटात झाली.

मास्तरांनी कळवळून छातीवर हात दाबला. "मला... इथे टोचतंय हो!"

डॉक्टरांनी लगबगीने त्यांचे जाकीट उघडले. आत टाचणी होती. टाचणीला चिठ्ठी होती. आणि चिठ्ठीवर मास्तरांच्याच वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'मेळा संपल्यावर संपूर्ण मैदान झाडणे.'

"अदलाबदल नाही हं, मास्तर!" डॉक्टर म्हणाले. देखरेखीची चिठ्ठी अर्थातच त्यांच्या जाकिटात होती.

मास्तरांनी झाडू उचलला. नव्या चिटणीसबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो फाटकाजवळचा कोपरा राहिला!"